येवले: गाव, तारीख आणि आपली नोंद

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही दोन शब्द बोलतो. दोन शब्द म्हणतो खरे, पण विषय मोठा आहे, तेव्हा जरा वेळ लागेल. मागे चहा तयार आहे हे आम्हाला माहीत आहे. तोवर सांभाळून घ्या.

समितीने आम्हाला विषय दिला तो 'येवले' हा. त्याचे कारण असे की, मागच्या वर्षावासात इथल्या मुलांचा वर्ग चालू असताना एका मुलीने प्रश्न विचारला. "बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्यालाच का केली? मुंबईला का नाही? नाशिकला का नाही?" वर्गात आम्ही चारपाच मोठी माणसे होतो. एकमेकांच्या तोंडाकडे बघितले. १३ ऑक्टोबर १९३५ ही तारीख सगळ्यांना पाठ. पण येवले म्हणजे काय गाव आहे, तिथे कोण राहत होते, कशावर जगत होते, हे सांगायला कोणी पुढे येईना. आमच्यातले दोघे तर येवला तालुक्यातलेच! तेव्हा ही शरमेची गोष्ट मनात धरून आम्ही थोडे वाचन केले, थोडे घरच्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्यांदा गाव कुठे आहे ते बघू. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघालो की निफाड लागते, मग विंचूर, आणि ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर येवले. सरकारी कागदावर येवला, पुस्तकात येवले, आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'येवलं'. गावात विंचूर चौफुली आहे. तिथे उभे राहिलात की चार दिशांना चार मुलूख आहेत. पश्चिमेला नाशिक. उत्तरेला मनमाड. दक्षिणेला कोपरगाव, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. पूर्वेला वैजापूर, म्हणजे मराठवाडा. नाशिक जिल्ह्याचे हे आग्नेय टोक. ही चौफुली नीट ध्यानात ठेवा, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

उत्तरेला अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले दिसतात. त्या डोंगरात जुनी जैन लेणी आहेत. ही सातमाळा-अजिंठ्याची रांग. तिच्या उत्तरेचे पाणी गिरणेला जाते आणि दक्षिणेचे गोदावरीला. पण पाणी जाते असे नुसते म्हणायचे, कारण मुळात पाणीच थोडे. घाटाकडचा पाऊस इगतपुरी-त्र्यंबकला सगळा रिता होतो आणि येवल्यापर्यंत येईतो ढग कोरडे पडतात. बाजरी, मका, कुळीथ, मठ ही तिथली जुनी पिके. राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप फिरतात, त्यांच्यासाठी सरकारने राखीव क्षेत्र केले आहे. काळवीट राहतो म्हणजे जमीन कशी असेल हे शेतकऱ्याला सांगायला नको. कादवा नदीवर दिंडोरी तालुक्यात पालखेड धरण झाले, त्याचा डावा कालवा निफाडवरून येवल्याकडे गेला, आणि मग काही गावांत कांदा आला. आज येवला, अंदरसूल या बाजारांत कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. पण ज्या गावांना कालवा पोचला नाही तिथली माणसे अजूनही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

आता गाव वसले कसे? राघोजी नाईक हा येवल्याचा संस्थापक मानला जातो. गाव वसले तेव्हा मुलूख दिल्लीच्या बादशहाचा होता. पुढे तो साताऱ्याच्या छत्रपतींकडे आला आणि मग पेशव्यांकडे. माधवराव पेशव्यांनी तो विठ्ठल शिवदेव विंचूरकरांना जहागिरीत दिला. बाहेरून व्यापारी आणि विणकर येऊन राहिले. सूत आणि रेशीम, सोन्याचांदीची जर, यांचा धंदा वाढला. पैठणी जन्माने पैठणची, पण तिला पोसले येवल्याने. १८५८ साली गावात नगरपालिका झाली. त्याच्याच पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १८५९ ला, १८५७ च्या उठावातले सेनानी तात्या टोपे यांना शिप्री इथे फाशी दिले गेले. त्यांचा जन्म या येवल्याचा. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि येवल्याला स्टेशन मिळाले.

१९०१ च्या जनगणनेत येवले शहराची लोकसंख्या होती १६,५५९. म्हणजे गाव तसे लहानच, पण खेड्यासारखे नव्हते. हातमागांचा खटखटाट, सराफी, बाजारपेठ, रेल्वे, नगरपालिका, सगळे होते. आणि गावकुसाबाहेर आपले लोकही होते. येसकराची पाळी, मेलेली ढोरे ओढणे, सरकारी टपाल पोचवणे, लाकडे फोडणे, आणि बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकर. येवला तालुक्याच्या खेड्याखेड्यांत हेच. पण त्या १६,५५९ मध्ये आपली माणसे कोणकोण होती, त्यांची नावे काय, हे कुठे सापडत नाही. पेशव्यांची सनद सापडते, जहागीरदाराची वंशावळ सापडते, जरीच्या व्यापाराचे वर्णन सापडते. आपला नुसता आकडा सापडतो.

इथे आम्हाला एक आडवाट घेऊ द्या, कारण विणकाम आणि नोंद हे दोन शब्द निघाले आहेत. आपण नाशिककर दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला लेण्यांवर जातो. लोक पांडवलेणी म्हणतात, आपण त्रिरश्मी बुद्ध लेणी म्हणतो. तिथल्या चोवीस लेण्यांपैकी १० नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो कोरवला नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी. लेखात काय आहे? एक देणगी आहे, आणि देणगीचा हिशोब आहे.

हा हिशोब आम्ही मुलांच्या वर्गात फळ्यावर करून दाखवला, तुम्हीही करा. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन संघांकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरचेच गोवर्धन. एका संघाकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने. दुसऱ्या संघाकडे एक हजार, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, नुसते व्याज वापरायचे. दोन हजारांचे एक टक्क्याने महिन्याला वीस झाले, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्खू वीस. प्रत्येकाला चिवरासाठी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस! हिशोब पैशाला पैसा जुळतो. उरलेल्या एक हजारांचे व्याज वर्षाला नव्वद, ते इतर किरकोळ खर्चाला.

बघा, एका देणगीच्या नोंदीतून आपल्याला किती कळले! नाशिकला विणकर होते. त्यांचे संघ होते. लोक त्यांच्यावर पैशाचा विश्वास टाकत होते. भिक्खू वर्षावासाला लेण्यात राहत होते, ते वीस होते, आणि त्यांच्या अंगावरच्या चिवराला मागावरच्या माणसाच्या कष्टाचा आधार होता. हे सगळे आपल्याला आज कशामुळे माहीत आहे? कोणीतरी ते दगडात कोरून ठेवले म्हणून. आपल्या विहाराच्या दारातही देणगीदारांच्या नावांची फरशी आहे. ती बघून काही लोक हसतात, "नावासाठी दान देतात" म्हणतात. आम्ही म्हणतो, लिहू द्या. अकरा रुपये देणाऱ्या बाईचेही नाव लिहा. लिहिलेले राहते. न लिहिलेले माणसाबरोबर जाते.

आता येवल्याकडे परत येऊ आणि १९३५ सालात जाऊ.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचे नेतृत्व आणि नाशिकची सगळी जुळवाजुळव करणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, म्हणजे भाऊराव कृष्णराव गायकवाड. त्यांचे मूळ गाव दिंडोरी तालुक्यातले आंबे. पाच वर्षे हा लढा चालला. लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले, तुरुंग झाला, गावोगावी आपल्या लोकांची कामे बंद झाली. दार काही उघडले नाही. त्या पाच वर्षांत खेड्यातल्या माणसाला कळून चुकले की हा प्रश्न एका देवळाच्या दाराचा नाही.

१९३५ साल बाबासाहेबांना व्यक्तिशः फार कठीण गेले. २७ मे रोजी माता रमाईंचे निधन झाले. जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ऑगस्टमध्ये नवा हिंदुस्थान कायदा विलायतेत मंजूर झाला, म्हणजे राजकारणाचा नवा डाव मांडला जाणार होता. अशा वेळी पुढची दिशा ठरवायला मुंबई इलाखा दलित वर्ग परिषद बोलावली गेली, आणि तिच्यासाठी जागा निवडली येवले. स्वागताध्यक्ष होते अमृतराव रणखांबे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. येवलेच का? कुठल्या कागदात हे कारण लिहिलेले आम्हाला दिसले नाही, पण नकाशा समोर ठेवला की उत्तर सुचते. पहिले म्हणजे, नाशिक जिल्ह्यात पाच वर्षांच्या सत्याग्रहाने माणसे तयार झाली होती, दादासाहेबांचे कार्यकर्ते गावोगाव होते. दुसरे, रेल्वे. मनमाड हे मोठे जंक्शन. मुंबईची गाडी, भुसावळकडची गाडी, औरंगाबाद-हैदराबादकडची गाडी, सगळ्या मनमाडला येतात आणि तिथून येवले हाकेवर. तिसरे, सरहद्द. तेव्हा वैजापूर हे निजामाच्या राज्यात होते. म्हणजे येवल्याच्या वेशीवरून पुढे गेले की दुसरे राज्य. निजामाच्या मुलखातल्या आपल्या बांधवांना मुंबई फार लांब, पण येवल्याला ते पायी येऊ शकत होते. आणि खरोखर, परिषदेला मुंबई इलाख्याबरोबर हैदराबाद संस्थान आणि मध्य प्रांतातूनही प्रतिनिधी आले होते. चौफुली ध्यानात ठेवा म्हणालो ते याचसाठी.

दिवस होता रविवार. दहा हजारांच्या आसपास माणसे जमली. सगळ्या येवले गावाची लोकसंख्या शतकाच्या सुरुवातीला साडेसोळा हजार, आणि एका दिवसात दहा हजार माणूस! त्या गावाला काय वाटले असेल? बाबासाहेब दीड तासाच्या आसपास बोलले. काळारामच्या सत्याग्रहातले हाल त्यांनी सांगितले, आणि मग ती घोषणा केली. अस्पृश्याचा डाग घेऊन हिंदू म्हणून जन्माला आलो ही गोष्ट आपल्या हातात नव्हती, पण हिंदू म्हणून मरायचे नाही ही गोष्ट आपल्या हातात आहे, असा तिचा अर्थ. परिषदेने काळारामचा सत्याग्रह थांबवण्याचा ठराव केला. त्या शक्ती आता दुसरीकडे लावायच्या होत्या.

एक गोष्ट आपण विसरतो. येवल्याला बाबासाहेबांनी कोणता धर्म घेणार ते सांगितले नव्हते. सोडणार एवढेच सांगितले. पुढच्या वर्षी, १९३६ च्या मे महिन्याच्या शेवटी, मुंबईला महार परिषद भरवून त्यांनी आपल्या लोकांपुढे धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली. नंतर वर्षानुवर्षे अभ्यास केला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि दिली. येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस! आमच्या घरात कोणी नवी गाडी घ्यायची ठरवली तर आठवड्यात घेऊन येतो. आणि या महापुरुषाने आपल्या सगळ्यांचा निर्णय करायला एकवीस वर्षे घेतली. यावरून काय शिकायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता घरची गोष्ट. आमचे मूळ गाव येवल्याहून चार कोसांवर, राजापूर-ममदापूरच्या वाटेला. आमची आजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, नुकती नांदायला आलेली. ती सभेला गेली नव्हती. कोणी विचारले, "आजी, तू बाबासाहेबांना बघितलंस का गं?" की ती म्हणायची, "न्हाई बाबा. म्या भाकरी थापल्या."

काय झाले होते, सभेच्या आदल्या दिवशी निजामाच्या मुलखातून पायी निघालेली माणसे आमच्या वाड्यात मुक्कामाला थांबली. पन्नास-साठ होती म्हणायची. त्यात बायकाही होत्या, कडेवर पोरे घेतलेल्या. नवी बाजरी नुकती निघालेली. घराघरातून पीठ गोळा केले, तीन चुली मांडल्या, आणि आजी आणि तिच्या सासूने रात्रभर भाकरी थापल्या. सोबत ठेचा. सकाळी प्रत्येकाच्या फडक्यात दोन-दोन भाकरी बांधून दिल्या. वाड्यातले पुरुष त्यांच्याबरोबर गेले. मागे लेकरे, म्हाताऱ्या आणि या दोघी.

दुसऱ्या रात्री पुरुष परत आले. आजीचा सासरा ओट्यावर बसला आणि काही बोलेना. आजी नवी सून, सासऱ्याला विचारायची पंचाईत. तिने सासूकडून विचारवले, काय सांगितलं बाबासाहेबांनी? तेव्हा तो म्हणाला, "आता कोणाच्या दारात उभं राहायचं न्हाई."

एवढेच. आजीच्या लेखी येवल्याचे भाषण एवढेच होते. पण तिने ते जन्मभर पाळले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली, येसकराची पाळी गेली. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, तेव्हाही ती म्हणायची, "मजुरीचं खाऊ, मागून न्हाई." आमचे वडील मग नाशिकला कारखान्यात लागले, आणि आम्ही इथले झालो.

आज आमच्या मनाला जे टोचते ते सांगतो. ती पन्नास-साठ माणसे कोणत्या गावची होती? त्यांची नावे काय? आमच्या वाड्यातून कोणकोण गेले? आजीला सगळे माहीत होते. ती आमच्यापाशी किती वर्षे होती! दर १३ ऑक्टोबरला आम्ही व्यासपीठावर जाऊन भाषणे केली, आणि घरी आजीला वही घेऊन विचारायला आम्हाला सवड झाली नाही. आजी गेली. तिच्याबरोबर ती यादीही गेली. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, आमचाच आहे.

उषवदाताच्या लेखामुळे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या वीस भिक्खूंच्या चिवराचा हिशोब आपल्याला माहीत आहे. आणि आमच्याच वाड्यात १९३५ साली पन्नास माणसांना भाकरी खाऊ घातल्या, त्यातले एक नाव आम्हाला सांगता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, परिषदेला दहा हजार होते हे खरे. पण भाकरी थापणाऱ्या त्या दहा हजारांत धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर संख्या किती होईल याचा विचार करा.

संख्येवरून आता जनगणनेकडे येऊ. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध म्हणून नोंद होती अडीच हजारांच्या आसपास. दहा वर्षांनी, १९६१ ला, ती झाली सत्तावीस लाख नव्वद हजारांच्या आसपास. जगाच्या इतिहासात असा आकडा थोड्या ठिकाणी सापडेल. हा चमत्कार कोणी केला? खेड्यातल्या अडाणी माणसाने केला. दारात मोजणीवाला आला, तेव्हा त्याला सांगितले, "बौद्ध लिव्हा." तेव्हा तसे सांगण्यात धोका होता. सवलती जातील ही भीती होती, गावाचा राग होता. तरी सांगितले. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध होते ६५ लाख ३१ हजार, आणि सबंध भारतात ८४ लाख ४३ हजारांच्या आसपास. म्हणजे देशातल्या चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यात.

त्याच २०११ ला येवले शहराची लोकसंख्या होती ४९,८२६. शंभर-एकशेदहा वर्षांत गाव तिप्पट झाले. नाशिक शहर त्या वेळी १४ लाख ८६ हजारांवर गेले होते. येवल्यासारख्या तालुक्यांतून माणसे निघून सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोडला येऊन राहिली, त्यात आपण आलो. म्हणून येवल्याची लोकसंख्या मोजताना थोडी नाशकातही मोजावी लागते. या विहाराच्या सभामंडपात आज येवल्याचे किती लोक आहेत? हात वर करा. बघा!

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता २०२७ ची जाहीर झाली आहे, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. आणि १९३१ नंतर प्रथमच तिच्यात सर्वांची जात नोंदली जाणार आहे. त्यामुळे आपल्या वस्तीत कुजबूज सुरू झाली आहे. "धर्म बौद्ध लिहिला तर मुलाचा दाखला जाईल का?" हा प्रश्न आम्हाला गेल्या महिन्यात तीन घरांत विचारला गेला. विचारणारे शिकलेले आहेत. म्हणून इथे स्पष्ट सांगतो. धर्माचा प्रश्न वेगळा आणि अनुसूचित जातीचा प्रश्न वेगळा. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू, शीख किंवा बौद्ध असू शकते. म्हणजे धर्म बौद्ध सांगितल्याने अनुसूचित जातीची नोंद पुसली जात नाही. काय सांगायचे ते ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावे, जबरदस्ती हा आपला मार्ग नव्हे. पण न कळल्यामुळे, किंवा मोजणीवाला घाईत आहे म्हणून, किंवा घरात फक्त लहान मूल होते म्हणून चुकीचे लिहिले जाऊ नये. १९६१ ला आपल्या अडाणी आजोबांनी जे ठामपणे सांगितले ते आपल्याला पदवी घेऊन सांगता येऊ नये, असे व्हायला नको. मोजणीवाला येईल तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः उत्तरे द्यावीत आणि त्याने काय लिहिले ते विचारून घ्यावे.

आजच्या येवल्याबद्दल दोन शब्द सांगून संपवतो. गाव अजून मागावर जगते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोर, मुनिया, आसावली असे पदर विणले जातात. जवळच्या नागडे गावातही माग आहेत. चांगल्या पैठणीला महिनेच्या महिने लागतात, आणि विणणारा दिवसभर पाय खाली सोडून मागावर बसतो. संक्रांतीला तीन दिवस सगळे गाव गच्चीवर चढून पतंग उडवते. आणि परिषदेच्या त्या जागेवर आज मुक्तिभूमी आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे चारी दिशांनी माणसे येतात, त्याच चौफुलीवरून. आपल्या विहाराची बसही जाते. यंदा जाल तेव्हा एवढे करा. वंदना झाली की लगेच बसमध्ये येऊन बसू नका. मुलांना गाव दाखवा. अंकाईचा डोंगर दाखवा, स्टेशन दाखवा, एखाद्या मागवाल्याची परवानगी घेऊन माग दाखवा. वैजापूरचा रस्ता दाखवा आणि सांगा, इथून पायी आले होते.

शेवटची विनंती. समितीने यंदा एक वही केली आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, साधी. प्रत्येक कुटुंबाला एक पान. मूळ गाव कोणते, तालुका कोणता. घरातले कोण येवल्याला गेले होते, कोण नागपूरला दीक्षेला गेले होते, कोण दादासाहेबांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. नाशिकला पहिल्यांदा कोण आले, कोणत्या साली, कोणत्या कामावर. आणि एक रकाना आम्ही मुद्दाम घातला आहे: मागे घरी कोण राहिले? त्या रकान्यात बायकांची नावे येतील असा आमचा अंदाज आहे. माहीत नसेल तिथे रिकामे सोडा, खोटे लिहू नका. पण घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर आज रात्रीच त्यांच्यापाशी बसा. उद्यावर टाकू नका. उद्यावर टाकले की काय होते ते आम्ही तुम्हाला सांगितले आहे.

वहीचे पहिले पान आम्ही लिहिले आहे. गावाचे नाव, आजीचे नाव, तिच्या सासूचे नाव. पुढे लिहिले आहे, 'भाकरी केल्या'. पाहुण्यांच्या नावांची जागा रिकामी आहे, ती तशीच राहील. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वैजापूरकडून पायी येवल्याला गेलेल्या, आणि वाटेत एका वाड्यात मुक्काम केलेल्या माणसाची आठवण असेल, तर ते पान उघडे आहे. येऊन लिहा.

 चहा गार झाला असेल, त्याबद्दल क्षमा.

जयभीम! नमो बुद्धाय!